शिरोमारूची पेटी

कुसुनोसेंच्या हात्सुयोने नवऱ्याचं उरलेलं आयुष्य कोंबड्याला पाजलं, असं आमच्या गावात बोललं जायचं. मोठ्याने नव्हे. माझ्या दुकानातल्या बाकावर साकेचा दुसरा पेला रिकामा झाला, की कोणीतरी आधी दाराकडे बघायचं, मग पुढे वाकून म्हणायचं, "मोरिओ गेला तेव्हा चाळिशीतच होता ना? त्या घरातले पुरुष नव्वदी बघून जातात. मग मधली वर्षं गेली कुठे?" सगळ्यांच्या माना टेकडीच्या पायथ्याकडे वळायच्या. तिथे कुसुनोसेंच्या अंगणात ती उभी, अरुंद लाकडी पेटी होती.

पेटीच्या वरच्या खिडकीतून कोंबडा बाहेर बघत असायचा. रुपेरी मान, लालभडक तुरा, आणि तुऱ्याचं तिसरं टोक डावीकडे वाकलेलं. नाव शिरोमारू. मोरिओच्या लग्नात मी त्याला पाहिला. मोरिओच्या मयताला पाहिला. मोरिओच्या तेहेतिसाव्या श्राद्धाला गेलो, तेव्हाही तो तिथेच, तेच वाकडं टोक, तोच पिवळा डोळा. कोंबडं लाडात वाढवलं तरी जगतं किती? आमचा हा शिरोमारू तीन सम्राटांची कारकीर्द बघून बसला होता. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण तुऱ्याची शपथ घ्यायला तयार असायचा.

"मी सांगते ना," पोस्टातल्या मास्तरांची बायको एकदा म्हणाली, "सकाळी ती पेटीपाशी उभी राहून चमच्याने त्याला काहीतरी देते. आणि पुटपुटते, 'घ्या, अजून थोडं घ्या.' कोंबड्याला कोणी अहो-जाहो करतं का?"

"तुम्ही नवऱ्याला तरी करता का?" मी विचारलं. पण खरं सांगायचं, हसताना माझ्याही पाठीवरून काहीतरी थंड सरकत गेलं.

हात्सुयो इनो गावची. तिच्या माहेरी कागद करायचे. लग्न ठरवायला मोरिओच्या घरचे तिला इकडे घेऊन आले, तेव्हा चहा होण्याआधी तिला पेटीपाशी नेऊन उभं केलं, आणि सासऱ्यांनी शेपटीची गुंडाळी उलगडून दाखवली. ओनागादोरी कोंबड्याची ती शेपटी. इतर कोंबड्यांची पिसं शरदात झडतात. याची झडत नाहीत, कोंबडा जिवंत असेपर्यंत वाढतच जातात. सगळे श्वास रोखून बघत होते. हात्सुयो म्हणाली, "मला वाटलं नवरा दाखवायला आणलंय. तुम्ही तर कोंबडा दाखवलात." सासरे पुढे दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. मोरिओ मात्र त्याच क्षणी तिच्यावर भाळला, असं तो स्वतः माझ्या बाकावर बसून सांगायचा. सांगताना लाल व्हायचा, आणि तो लालपणा साकेचा आहे म्हणायचा.

आमच्या गावात ही जात पाळणारी घरं दोनच होती, कुसुनोसे आणि नाल्यापलीकडचे योरिमित्सु. दोघांचा शिरस्ता एकच. आपलं अंडं दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, दुसऱ्याचं आपल्या घरी यायचं नाही. शेपटी कोंबड्याच्या अंगावर दिसते, पण ती येते कोंबडीच्या पोटातून, आणि कोंबडी दिसायला साधी, करडी, कुठल्याही परसात खपून जाईल अशी. त्यामुळे राखायची ती कोंबडी. मुली तरी लग्न होऊन घराबाहेर जात. कोंबड्या कुठेच जात नसत. भावाशी लागायचं, नाहीतर बापाशी. हे बोलून दाखवायची रीत नव्हती. "घराचं रक्त घरात" एवढंच म्हणायचं, आणि शेपटी बघून माना डोलवायच्या.

मोरिओ गेला तो सकाळी कोंबडा फिरवायला काढला असताना. पेटीत पक्षी दिवसभर दांडीवर बसून असतो, म्हणून एक दिवसाआड त्याला खाली उतरवून पाय मोकळे करू द्यायचे, आणि मागून माणसाने शेपटी हातांवर धरून चालायचं. हात्सुयो भाताचं पाणी टाकायला बाहेर आली, तर मोरिओ जमिनीवर बसलेला, भिंतीला टेकून. दोन्ही हात वर, शेपटी हातांवर. कोंबडा त्याच्या गुडघ्यावर उभा. तिने हाक मारली. कोंबड्याने मान वळवली. मोरिओने नाही.

शेपटीला मातीचा कणसुद्धा लागला नव्हता. गावाला ही गोष्ट समजली, तेव्हाच ते आयुष्य पाजल्याचं प्रकरण सुरू झालं.

त्या दिवसापासून कोंबडा तिच्या हातात. एकुलता एक मुलगा ओसाकाला, त्याला पिसांची शिंक येते. पेटीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, शेपटी बघायला मागायची नाही. वर्तमानपत्रवाले आले तर म्हणायची, "डोक्याचा फोटो काढा. शेपटीचा मान असतो, तिला नागडं करत नाहीत." शेपटी माहेरच्या कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी. दिसायचं ते खिडकीतलं डोकं, आणि ते वाकडं टोक.

माझं तिच्याकडे जाणं-येणं सोया सॉस आणि साकेपुरतं. तेवढ्यात काय दिसतं? ऐकू मात्र बरंच येतं. पूर्वी तिच्या फाटकाशी पोचायच्या आधी खुराड्याचा कलकलाट ऐकू यायचा. एका वसंतात तो कमी वाटला. पुढच्या वसंतात आणखी कमी. मग एकदा फाटक ढकललं, आणि फक्त फाटकाच्या बिजागरीचा आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला आणि का आला ते कळेना. कोंबड्या होत्या. दोन होत्या. दोघी कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होत्या, आवाज न करता.

"घरात कोणी आजारी आहे का?" मी विचारलं.

"आत या, कामे-सान. दाखवते."

स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिने बॅटरी लावली आणि अंडं उजेडासमोर धरलं. जिवंत अंड्यात लाल शिरांचं कोळ्याचं जाळं दिसतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. या अंड्यात एक लाल कडं होतं. नुसतं कडं, चहाचा पेला ठेवून उचलल्यावर राहतं तसं.

"सुरू झालं आणि मेलं," ती म्हणाली. "काही शेवटपर्यंत जातात. हे बघा." दुसरं अंडं तिने माझ्या कानाला लावलं. "ऐका."

"काहीच नाही ऐकू येत."

"तेच ऐका. आत पिल्लू पुरं आहे. चोच आहे, नखं आहेत. कवच फोडायची वेळ कालच होऊन गेली. आत बसून आहे."

मी अंडं परत दिलं. जरा घाईनेच.

"शिरोमारू म्हातारा झालाय," ती म्हणाली. "कोंबड्या या दोनच. पुढच्या वसंतात पिल्लू निघालं नाही, तर कुसुनोसेंचा कोंबडा संपला. सासऱ्यांच्या आजोबांपासून आलेला माणूस माझ्या हातावर संपेल." कोंबड्याला ती माणूसच म्हणायची. "मोरिओने मरतानासुद्धा शेपटी खाली टेकू दिली नाही हो. आणि मी?"

त्याच शरदात काजितानी आली. विद्यापीठातली, तिशीची, काडीसारखी बाई, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. जुन्या जातींच्या पक्ष्यांचं रक्त गोळा करत हिंडायची, आणि त्या रक्तातलं डीएनए वाचायची. कोंबड्याच्या पंखाखालून एक थेंब काढायला परवानगी मागायला आली, तेव्हा हात्सुयोने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रक्त पिणारी बाई अशी वाळकी? आधी जेवून घ्या."

कात्सुओ मासा गवताच्या जाळावर भाजून, वर लसणीच्या चकत्या. मलाही बोलावलं, कारण बाटली माझ्या दुकानची. काजितानीने तिसरा पेला न डगमगता संपवला, तेव्हा आम्ही तिला सेन्सेई, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणायला लागलो.

"सगळ्यांचं वाचता का?" मी विचारलं. "कोंबड्याचं, माणसाचं?"

"भाताचं, माशाचं, यीस्टचं. तुमच्या साकेतल्या बुरशीचंसुद्धा वाचून झालंय. अक्षरं सगळ्यांची तीच चार असतात, कामे-सान. तुम्ही आणि ही लसूण एकाच लिपीत लिहिलेले आहात."

"लसूण जास्त नीट लिहिलीय," हात्सुयो म्हणाली.

"नदीकाठच्या त्या सोमेई-योशिनो चेरी आहेत ना," सेन्सेई म्हणाली, "देशभरातली ती सगळी झाडं म्हणजे एकच झाड आहे. कलमं करत करत नेलेलं. म्हणून तर एका गावात सगळी एकदम फुलतात."

"म्हणजे दर वर्षी आपण सगळे एकाच झाडाखाली पितो?" मला ही कल्पना फार आवडली.

"हो. आणि एकाला जो रोग मारू शकतो, तो सगळ्यांना मारू शकतो."

मग मला ती तेवढी आवडली नाही.

सादो बेटावरच्या तोकी पक्ष्यांचंही तिने सांगितलं. आपल्याकडचे संपले, चीनमधून मोजके पक्षी आले, आज आकाशात उडतात ते सगळे त्या मोजक्यांचे वंशज. त्यांच्या जोड्या लावायला आता रक्त वाचावं लागतं, कोण कोणाचं किती जवळचं ते बघून. हात्सुयो ऐकत होती. माझ्या पेल्यात साके ओतताना तो काठावरून सांडला तरी ती ओततच होती.

हिवाळ्यात सेन्सेई परत आली ती मोठी पिशवी न घेता. दारातच उभी राहिली.

"हात्सुयो-सान, बसून सांगू का?"

"म्हणजे वाईट आहे. उभ्यानेच सांगा, लवकर संपेल."

"प्रत्येक जिवाकडे एकच पुस्तक दोन प्रतींत असतं. एक आईची प्रत, एक बापाची. एका प्रतीत चुकीचं छापलेलं असलं, तर दुसरीतून काम भागतं. शिरोमारूच्या दोन्ही प्रती जवळजवळ अक्षरन् अक्षर सारख्या आहेत. दोन्ही कोंबड्यांच्याही. चूक जिथे आहे तिथे दोन्हीकडे आहे. पिल्लू अंड्यात वाढायला लागतं, त्या पानापर्यंत येतं, आणि..."

"आणि पुढे वाचता येत नाही," हात्सुयो म्हणाली.

"बाहेरची कोंबडी आणावी लागेल. त्याच जातीची, पण दुसऱ्या रक्ताची. मग शेपटीही टिकेल. जवळपास अशी आहे कोणाकडे?"

नाल्यापलीकडे. सगळ्यांना माहीत होतं. हात्सुयो पेटीकडे बघत राहिली. खिडकीतून कोंबडा तिच्याकडे बघत राहिला.

योरिमित्सु गेनकिची म्हणजे एकेकाळचा आल्याचा मोठा बागायतदार, ऐंशीच्या घरातला, आवाज अजून घंटेसारखा. सेन्सेई त्याच्याकडेही रक्ताचा थेंब मागायला जाऊन आली होती. त्याने दारातूनच वाटेला लावलं होतं. "माझ्या कोंबड्या फार लाजाळू आहेत. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी म्हणणारा गेनकिची नवा होता. तो माणूस वाट बघायला शिकलेलाच नाही.

हात्सुयो माझ्या दुकानात आली, सगळ्यात वरच्या फळीवरची बाटली उतरवायला लावली, आणि म्हणाली, "चला माझ्याबरोबर. एकटी गेले तर गाव म्हणेल, म्हातारपणी लग्न करतेय."

"दोघं गेलो तर?"

"तर म्हणेल, तुमच्याशी करतेय. तेवढं सोसेन मी."

गेनकिचीने आम्हाला बसवलं. हात्सुयोने बाटली पुढे सरकवली आणि चटईला कपाळ टेकलं. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांच्या पुढेही ती अशी वाकली नव्हती.

"गेन-सान, दोन कोंबड्या द्या. घराण्याचा शिरस्ता मोडते. माझ्याकडे हा एकच वसंत आहे. शिरोमारू त्याच्या पुढे टिकणार नाही."

गेनकिचीने पेला भरला. तोंडाशी नेला. तसाच खाली ठेवला. न पिता. इतक्या वर्षांत गेनकिचीने भरलेला पेला खाली ठेवला असं कधी झालं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि बाहेर बर्फाचा वारा होता.

"उठ तू," तो म्हणाला. "उठ आधी. अशी वाकू नकोस माझ्यासमोर."

"द्याल का?"

"बाहेरची बघ ना एखादी. कोची शहरात एक जण पाळतो म्हणे."

"त्याची कोंबडी कुठून आली, त्यालाही माहीत नाही. तुमचं घराणं मला माहीत आहे. तुमच्या बापाने आमच्या सासऱ्यांना फाटकातून कधी आत घेतलं नाही. त्याहून वेगळं रक्त मी कुठून आणू?"

तो तोंड उघडायचा, मिटायचा. शेवटी म्हणाला, "घेऊन जा." आवाज घंटेचा नव्हता.

परतताना हात्सुयो टोपलीतल्या कोंबड्यांशी बोलत होती. "ऐकलंत का गं, सासर फार कडक आहे. नवरा मात्र म्हातारा, त्रास देणार नाही." मी हसलो. मागे वळून पाहिलं, तर गेनकिची अजून फाटकात उभा होता, हात लोंबते.

वसंतात अंडी झाली. शेजारून उसनी आणलेली खुडूक कोंबडी त्यांवर बसवली. हात्सुयो दिवसातून इतक्यांदा जाऊन बघायची, की ती कोंबडी तिला टोचायला लागली. माझ्या दुकानात त्या दिवसांत कोणी चेष्टा केली नाही. पोस्टातल्या मास्तरांची बायकोही येऊन हळूच विचारायची, "काही?" मी मान हलवायचो. नदीकाठी चेरी फुलल्या, सगळ्या एकाच दिवशी. आम्ही चटया घालून प्यायलो. कोणीतरी म्हणालं, यंदा बहर फार दाट आहे, आणि मला तिथे बसवेना.

बॅटरीसमोर धरलं, तर कडं. पुन्हा कडं. एका अंड्यात जाळं दिसलं आणि वाढत गेलं. त्यातून एक पिल्लू बाहेर आलं. मी तेव्हा तिथे होतो. त्याची मान उलटी वळलेली होती, चोच पाठीवर. ते स्वतःभोवती फिरत राहिलं. हात्सुयोने त्याला ओंजळीत घेतलं, म्हणजे तरी फिरणं थांबेल. दिवेलागणीला ते थांबलं.

"हे बाहेरचं रक्त?" ती मला म्हणाली.

सेन्सेई आली. गेनकिचीच्या कोंबड्या आता हात्सुयोच्या अंगणात होत्या, त्यांच्या रक्ताला कोणाची परवानगी लागणार नव्हती. तिने थेंब घेतले. पावसाळ्याच्या चिकट उकाड्यात निकाल घेऊन आली, ओसरीवर बसली, आणि आधी उलटा प्रश्न केला.

"या कोंबड्या योरिमित्सुंच्याच ना? अदलाबदल झालेली नाही ना?"

"मी स्वतः आणल्यात. हे साक्षीला आहेत."

"मग मला काहीतरी समजत नाहीये. यांचं आणि शिरोमारूचं रक्त वेगळं काढता येत नाही. सख्ख्या बहिणीसुद्धा इतक्या सारख्या नसतात."

हात्सुयो उठली. ओसरीवरून उतरली, चपला घातल्या, नाल्यावरच्या फळीपर्यंत गेली आणि पलीकडे तोंड करून ओरडली, "गेनकिची!" सान नाही, काही नाही. आख्ख्या गावाने ऐकलं असेल.

तो आला. बोलावण्याची वाटच बघत असल्यासारखा आला. ओसरीच्या खाली उभा राहिला.

"ज्या वर्षी कोंबड्यांत साथ आली होती," तो म्हणाला, "त्या वर्षी माझं खुराडं रिकामं झालं. एकही उरली नाही. मी कोणाला सांगितलं नाही. मोरिओला कळलं. कसं कळलं देव जाणे. पहाटे आला, मासे धरायच्या टोपलीत कोमट कोंडा, कोंड्यात अंडी. म्हणाला, घे. म्हणाला, कोणाला बोलू नकोस, माझा बाप थडग्यातून उठेल. मी शब्द दिला."

"आणि तो मेला," हात्सुयो म्हणाली.

"तो मेला. शब्दातून सोडवणारं कोणी उरलं नाही."

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. आधी हळू, मग आणखी हळू. "माझ्या घरातून अंडी गेली आणि मला माहीत नव्हतं. बरं. दिली असतील. तो तसाच होता. पण यंदा? मी तुमच्या चटईवर डोकं ठेवलं तेव्हा?"

गेनकिची पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "वाटलं, इतकी वर्षं झाली. माझ्या घरचं पाणी वेगळं, दाणा वेगळा. रक्त बदललं असेल."

"रक्त काय मिसो आहे? मडक्यात ठेवलं की मुरून वेगळं व्हायला?"

कोणी हसलं नाही. एरवी मी हसलो असतो.

"एकच वसंत होता माझ्याकडे," हात्सुयो म्हणाली. "तो तुम्ही शरमेने गिळलात." आणि ती आत निघून गेली. गेनकिची तसाच उभा राहिला. सेन्सेईने त्याला पाणी दिलं. तो ते हातात धरून घरी गेला, पेल्यासकट.

आता उरलं होतं ते सेन्सेईने दुसऱ्या दिवशी सांगितलं. कुठल्याही परसातली साधी कोंबडी आणायची. पिल्लं धडधाकट निघतील. शेपटी मात्र शरदात झडेल, निदान बहुतेकांची. त्यांच्या पिल्लांत, त्या पिल्लांच्या पिल्लांत, निवडत निवडत गेलं तर कधीतरी परत येईलही. "माझ्या हयातीत कदाचित," ती म्हणाली. तिशीची बाई हे म्हणत होती. हात्सुयो पंच्याहत्तरीला टेकली होती.

मला वाटलं, ती सेन्सेईला हाकलून देईल. ती म्हणाली, "आणा. दिसायला हवी तेवढी कुरूप आणा. जिवंत असली म्हणजे झालं."

कोंबडी आली. तांबडी, कर्कश, कोंबड्याच्या पायात पाय घालणारी. शिरोमारूला तिच्यापाशी सोडलं. तिने भराभर अंडी घातली, गावठी जोमाने. बॅटरीसमोर धरली. या वेळी कडंसुद्धा नव्हतं. अंडं आरपार स्वच्छ, नुसता पिवळा बलक. सगळी तशीच. सेन्सेईने कोंबड्याचं बीज काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि हात्सुयोलाही दाखवलं. हात्सुयोने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"काही हलत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"कधीपासून?"

"सांगता येत नाही. वसंतात थोडं असणार. आता संपलंय."

वसंतात थोडं होतं. ते शब्द मी नंतर कधीही गेनकिचीला सांगितले नाहीत. त्याला कोणीतरी सांगितले असणारच. आमचं गाव आहे.

वादळांचा मोसम संपता संपता एका सकाळी हात्सुयोने दुकानात फोन केला. "कामे-सान, या. बाटली नको." मी गेलो. सेन्सेईही आली होती. पेटीची खिडकी रिकामी होती. इतकी वर्षं ज्या चौकटीत डोकं बघत आलो, तिथे नुसता काळोख बघून मला कोणीतरी आपल्याकडे बघतंय असंच वाटत राहिलं.

कोंबडा चटईवर ठेवला होता. तिने शेपटीची गुंडाळी आमच्यासमोर उलगडली. मी श्वास रोखला होता, तीन सम्राटांची शेपटी, खोली पुरायची नाही असं वाटलं होतं. ती चटईच्या कडेलाच संपली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती फडताळाकडे गेली आणि तिथून आणखी शेपट्या काढून एकीशेजारी एक मांडू लागली. सगळ्या रुपेरी, सगळ्या सारख्या. सेन्सेई गुडघ्यांवर बसली, एकेक पीस उचलून दुसऱ्याशी लावून बघू लागली, आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"गावात काय बोलतात, ठाऊक होतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"बाकावर काय शिजतं ते मला ठाऊक नसेल?"

"मग एकदा तरी सांगायचंत."

"कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं."

शिरोमारू एक कोंबडा नव्हता. तिच्या लग्नापासून त्या दिवसापर्यंत सात कोंबडे झाले. त्या घराच्या रिवाजाप्रमाणे बाप मेला की मुलगा त्याच पेटीत जायचा आणि त्यालाच ते नाव मिळायचं, आणि मुलाची आई बहुतेक वेळा बापाची बहीण असायची, म्हणून सातही जणांचं तुऱ्याचं तिसरं टोक डावीकडे वाकलेलं होतं. चमच्यात पाणी होतं. मोरिओ हृदय बंद पडून मेला.